रमाबाईंची प्रार्थना

१९९१ साली मी बँकेच्या सिरसाळा शाखेत होतो. परळी तालुक्यातलं हे गाव. धाकट्या मुलीला विषमज्वर झाला, तेव्हा आई परळीच्या वैद्यनाथाला नवस बोलली. शेजारच्या नर्सबाई ख्रिस्ती होत्या. इंजेक्शन देऊन झालं की त्या उशाशी डोळे मिटून उभ्या राहत. मी आपला अंबाजोगाईच्या डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घेऊन दोघींच्या मध्ये. एकविसाव्या दिवशी ताप उतरला. कुणामुळे, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

पुढे माझी बदली झाली. निघताना नर्सबाईंनी पंडिता रमाबाईंच्या चरित्राची एक जुनी पुस्तिका हातावर ठेवली. सुधारक आणि विदुषी म्हणून रमाबाई मला ठाऊक होत्या. त्यांच्या प्रार्थनेचा विचार मी कधी केला नव्हता.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थं हिंडलं. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. देव प्रसन्न होईल म्हणून उपास झाले, होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं. देव काही बोलला नाही. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली बहीणभावंडं पायपीट करत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना सरस्वती ही पदवी दिली. पण दोनच वर्षांत भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही नव्हती.

इतकी मरणं पाहिलेल्या बाईनं त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे मागणी केली ती स्त्री-डॉक्टरांची. स्वतःही वैद्यक शिकावं म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. पण त्यांचे कान दिवसेंदिवस मंद होत चालले होते, आणि वैद्यकाचं दार त्यांना बंद झालं. त्याच साली वाँटेजला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात केवढा गहजब झाला!

येशूनं आंधळ्यांना दृष्टी दिली, बहिऱ्यांचे कान उघडले, असं शुभवर्तमान सांगतं. रमाबाईंची त्यावर पूर्ण श्रद्धा होती. त्यांचे कान मात्र शेवटपर्यंत बरे झाले नाहीत. माझ्यासारखा हिशेबनीस इथं खातं बंद करून मोकळा झाला असता.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. पैशासाठी लोकांकडे हात पसरायचा नाही, देवाकडे मागायचं, असा त्यांचा नेम. त्याच काळात शिकागोत डावी नावाचा प्रचारक, प्रार्थना असताना औषध घेणं म्हणजे अश्रद्धा, असं शिकवत होता. रमाबाईंच्या केडगावात प्रार्थना पहाटेपासून चाले, आणि दवाखानाही होता. विहिरी खणल्या, शेती केली, अंध मुलींना ब्रेल शिकवलं. १९०५ साली तिथं प्रार्थनेची मोठी लाट उसळली, शेकडो मुली रडत, गात देवाला आळवत राहिल्या. हे सगळं मला पेलत नाही, हे कबूल करतो. दवाखाना मात्र कळतो.

१९२१ साली मनोरमा गेली, चाळिशीत. मुक्तीचा भार तिच्यावर सोपवायचा होता. त्या लेकीसाठी रमाबाईंनी किती प्रार्थना केली असेल! त्यानंतरही त्या बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रितं तपासत बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

पुस्तिकेतलं मनोरमेच्या मृत्यूचं पान दुमडलेलं होतं. नर्सबाईंचा एकुलता मुलगा पूर्वीच तापानं गेला होता, हे मला सिरसाळा सोडल्यावर कळलं. माझ्या मुलीच्या उशाशी त्या एकवीस दिवस उभ्या होत्या.