चार्लस वर्थ : एका वस्त्रकाराचें चरित्र

शिवणकाम हें आपल्याकडे पुष्कळ काळ हलकें समजलें गेलें. मुलगा अभ्यासांत मागें पडला कीं त्याला शिंप्याच्या दुकानांत बसवूं, असें म्हणणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. वास्तविक संत नामदेव शिंप्याच्या कुळांत जन्मले आणि प्रेषित पौल तंबू करून आपला निर्वाह चालवीत असे. म्हणून ज्यानें वस्त्रें बेतण्याच्या कामाला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या चार्लस फ्रेडरिक वर्थ याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

वर्थ याचा जन्म इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत बोर्न या गांवीं १३ ऑक्टोबर १८२५ रोजीं झाला. वडील वकिली करीत. पण त्यांनीं पैका घालविला व घर उघड्यावर पडलें. अकराव्या वर्षीं चार्लसची शाळा सुटली आणि त्याला छापखान्यांत कामाला लावण्यांत आलें. तें काम त्याला रुचेना. पुढें तो लंडनला गेला व स्वॅन अँड एडगर या कापडाच्या मोठ्या दुकानांत उमेदवार म्हणून राहिला. कापडाचे तागे उलगडावे, गिऱ्हाइकापुढें पसरावे, पुन्हा गुंडाळून ठेवावे, असें त्याचें सुमारें सात वर्षें चाललें. परंतु हें करतांना कोणतें रेशीम अंगावर कसें पडतें व कोणत्या मखमलीवर उजेड कसा खेळतो, हें त्याच्या बोटांना कळूं लागलें. फुरसत मिळतांच तो राष्ट्रीय चित्रशाळेंत जाई आणि जुन्या तसबिरींतील स्त्रियांचे पोषाख न्याहाळीत राही.

विशीच्या सुमारास अवघे पांच पौंड खिशांत घालून तो पॅरिसला गेला. फ्रेंच भाषा त्याला येत नव्हती. कांहीं काळानें गाजेलिन नांवाच्या पेढींत त्याला नोकरी मिळाली. तेथें मारी व्हेर्ने ही तरुणी शाली अंगावर घेऊन गिऱ्हाइकांना दाखवी. तिच्यासाठीं वर्थनें साधे पण अंगाबरोबर बसणारे झगे बेतले, आणि गिऱ्हाइकें झग्यांचीच चौकशी करूं लागलीं. कापडाच्या व्यापाऱ्यानें शिवणकामांत पडणें मालकांना कमीपणाचें वाटे. मोठ्या मिनतवारीनें त्यांनीं शिवणखातें उघडूं दिलें. १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत त्या पेढीला पदक मिळालें. त्याच वर्षीं मारीशीं त्याचा विवाह झाला.

१८५८ सालीं बोबर्ग या स्वीडिश भागीदारासह त्यानें रू द ला पे या रस्त्यावर स्वतःचें दुकान थाटलें. ऑस्ट्रियाच्या राजदूताची पत्नी पॉलीन मेटर्निख पॅरिसला आली, तेव्हां मारी स्वतः नमुन्यांच्या चित्रांची वही घेऊन तिच्या दारीं गेली. पॉलीननें झगे करविले. त्यांतला एक दरबारच्या समारंभांत सम्राज्ञी यूजेनी हिच्या नजरेस पडला, आणि राजवाड्याचें दार वर्थला उघडलें.

त्यापूर्वीं रीत अशी होती कीं, बाईनें कापड आणावें, हवें तें सांगावें आणि शिवणारीनें मुकाट्यानें शिवावें. वर्थ ऋतूच्या आधींच नवे नमुने तयार करी व ते स्त्रियांच्या अंगावर घालून दाखवी. गिऱ्हाइकानें त्यांतून निवड करावी. चित्रकार चित्रावर सही करतो, तशी तो आपल्या नांवाची पट्टी झग्याच्या आंत शिवी. लियाँ शहरांतून तो उंची रेशीम विणवून घेई, त्यामुळें तेथील मागांना काम मिळालें. १८७० च्या युद्धांत दुकान बंद पडलें, भागीदारही निघून गेला. तरी युद्ध संपतांच वर्थनें तें एकट्यानें पुन्हा उघडलें. १० मार्च १८९५ रोजीं तो वारला. पुढें गास्ताँ व झाँ-फिलिप या मुलांनीं धंदा चालविला.

वर्थच्या कीर्तींत एक उणीव आम्हांस जाणवते. भरभराटीच्या काळीं सुमारें १२०० माणसें त्याच्याकडे काम करीत. बारीक टांके घालतांना ज्यांचे डोळे शिणले, त्या बायकांचीं नांवें कोणत्याच पट्टीवर आलीं नाहींत. त्यांचें स्मरण ठेवणें हें आपलें कर्तव्य आहे.

विद्यार्थी मित्रहो, दुकानावर स्वतःची पाटी लागण्यापूर्वीं वर्थनें वीस वर्षें दुसऱ्यांच्या दुकानांत कापड हाताळलें, हें ध्यानांत ठेवा. आणि पालकांस आमची विनंती अशी कीं, घरांतलें मूल कात्री-सुई हातीं घेऊन रमत असेल, तर त्याला हिणवूं नये. तें काम नीट शिकण्याची संधि त्याला द्यावी.