भाकरी मागताना ज्यांना शब्द फुटला नाही : केडगावच्या पंडिता रमाबाई

पुण्याहून सोलापूरकडे रेल्वेनं निघालं की दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. इथलं मुक्ती मिशन पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळातल्या हजारो पोरीबाळींना या माळरानावर आसरा मिळाला. तो देणाऱ्या पंडिता रमाबाई. पण देणाऱ्या रमाबाईंना आधी घ्यायला शिकावं लागलं होतं, आणि ते सोपं गेलं नव्हतं.

बाजरीची भाकरी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवायचं नाही, असा तो काळ. शास्त्रीबुवांनी मात्र आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि आईनं ते लेकीला दिलं. पुढे हातचं सगळं गेलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला लागलं. गावोगाव देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणूस नाही आणि दक्षिणा द्यायला कुणाकडे दाणा नाही. विद्वानाच्या घरात अंगमेहनतीची सवय नव्हती आणि हात पसरणं तर त्याहून कमीपणाचं. होतं नव्हतं ते विकून झालं, मग पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले. थोड्याच दिवसांत आईनं अंथरूण धरलं.

आईला घासभर काही तरी हवं होतं. रमा शेजारच्या एका बाईंच्या दारात गेली. बाई मायेनं बोलल्या, पण रमाच्या तोंडून शब्दच फुटेना. लाजेनं जीभ अडकली. त्या बाईनंच ओळखलं आणि खायला हवंय का म्हणून विचारलं. रमानं बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागून घेतला. आभार मानायलाही तोंड उघडलं नाही. धावत ती आईकडे आली, पण आईच्या अंगात तो घास गिळायचीही ताकद उरली नव्हती.

आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. शेवटच्या क्षणाला दोघे आले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी पडली म्हणून तिनं तो भार डोक्यावर घेतला. स्मशान कोसभराहून लांब होतं.

पुढे थोरली बहीणही गेली. उरलेले बहीणभाऊ पायी हजारो मैल हिंडले. पंजाबात झेलम नदीकाठी थंडी सोसवेना, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे केले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

विहिरीवरची गोष्ट

दोन वर्षांत भाऊ गेला. रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. लेक झाली, मनोरमा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच पतीही गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी पदरात लहान मूल आणि कपाळी वैधव्य.

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या. स्त्रियांसाठी आर्य महिला समाज काढला. पुढचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला जायचं ठरलं, पण प्रवासखर्चाला कुणापुढे हात पसरायचा नाही हा हट्ट होता. त्यांनी मराठीत ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून बोटीचं भाडं उभं केलं.

इंग्लंडात वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना ठेवून घेतलं. इथेही फुकट राहणं रमाबाईंना मान्य नव्हतं. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायचं, असं ठरलं.

याच भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक घर होतं. समाजानं वाईट ठरवून टाकलेल्या बायकांना तिथे मायेनं सांभाळलं जात होतं. रमाबाईंना याचं फार नवल वाटलं. आपल्याकडे अशा बाईला कुणी दारात उभं करत नाही, मग यांना हे कुठनं सुचलं? त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

गोष्ट साधी आहे. येशू प्रवासानं थकून विहिरीवर बसलेला असतो. एक बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक तिच्या जमातीच्या हातचं काही वापरत नसत, आणि गावात तिचं नावही बरं नव्हतं. येशू आधी तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो. जीवनाच्या पाण्याचं बोलणं त्यानंतर निघतं. जो द्यायला आलेला असतो, तोच आधी मागतो.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात वादळ उठलं.

इंग्लंडातही सगळं गोड नव्हतं. भगिनी जेराल्डाइन यांना रमाबाई आजीबाई म्हणत, इतका जिव्हाळा. पण आपण सांगू तसंच रमाबाईंनी मानावं, ही त्यांची अपेक्षा होती. दोघींची पत्रांतून जोरात वादावादी झाली. उपकार रमाबाईंनी कधी नाकारले नाहीत, पण उपकाराच्या बदल्यात आपलं डोकं गहाण टाकायलाही त्या तयार झाल्या नाहीत.

एक डॉलरची मदत

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या त्या समारंभाला. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालाविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि गावोगाव भाषणं दिली. एकेकाळी भाकरी मागताना जीभ अडकलेली बाई आता भरल्या सभेत मदत मागत होती. फरक इतकाच की ती आता दुसऱ्या लेकींसाठी मागत होती.

१८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. सभासदांनी दहा वर्षं दरसाल एक डॉलर द्यायचा होता. या पैशातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्याच मुलींमधली एक बालविधवा गोदूबाई. तिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि पुढे स्वतः विधवांसाठी आश्रम काढला.

शारदा सदनात कुणाच्या धर्मात हात घालायचा नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडं ठेवून करत. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये बोभाटा झाला. केसरीनं कडक टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पंचवीसेक मुलींना पालकांनी काढून नेलं. मदतीआडून धर्म बदलताय, हा आरोप होता. रमाबाईंचं म्हणणं, सक्ती कुणावर नाही, पण माझी श्रद्धा मी लपवणार नाही. त्यांनी दार बंद केलं नाही.

दुष्काळ पुन्हा आला

अमेरिकेची मदत दहा वर्षांची होती, ती कधी तरी संपणार. म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर माळरान घेऊन विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा हिशोब होता.

तोवर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाईंना आपले दिवस आठवले. या कामाला वेगळा पैसा नव्हता, तरी त्या निघाल्या. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांत निराधार पोरी हाडांचा सापळा होऊन पडल्या होत्या, त्यांना नासवणारी माणसंही टपलेली होती. रमाबाईंनी सुमारे तीनशे जणी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या माळावरच उतरवलं. तंबू आणि झोपड्यांत संसार सुरू झाला. तेच मुक्ती.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. आधीच्या दुष्काळात वाचलेल्यांतल्या कितीतरी जणी आता नव्या आलेल्यांची उस्तवार करू लागल्या.

मुक्तीत बसून खाणं नव्हतं. शेती, विणकाम, तेलघाणा, शिवण, छापखाना, ज्याला जे जमेल ते. आंधळ्यांसाठी मनोरमाबाईंनी बोटांनी वाचायची ब्रेल लिपी आणली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन झालं. फुलहॅमला पाहिलेलं घर असं केडगावात उभं राहिलं.

मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होती. रोज प्रार्थना आणि बायबलचं शिक्षण चाले, पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. यावर टीका तेव्हाही झाली. पण त्या पोरींना दारात घ्यायला फार थोडे पुढे आले होते, हेही खरं.

ठरलेल्या देणगीची मुदत संपल्यावर रमाबाई कुणाशी वार्षिक करारात अडकल्या नाहीत. प्रार्थना करायची आणि देशोदेशीची माणसं जे पाठवतील ते घ्यायचं. लहानपणी भाकरीचा तुकडा घेताना लाजलेल्या रमाबाई आता रोज सकाळी हजारोंच्या भाकरीसाठी देवापुढे मोकळेपणी हात पसरत होत्या.

शेवटचं काम

अखेरची पंधरा-सतरा वर्षं त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. त्यासाठी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशी भाषा त्यांना हवी होती.

१९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनी केडगावातच देह ठेवला. तोवर बायबलचं काम हातावेगळं झालं होतं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळवायला, कागद लावायला, बांधणी करायला मुक्तीतल्याच बायका होत्या. विहिरीवर पाणी मागणाऱ्या येशूची गोष्टही त्यांच्याच हातांनी छापली.