नारायण मेघाजी लोखंडे

सन १८५३ च्या एप्रिल महिन्यात बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. ती पाहण्यास लोटलेल्या गर्दीची वर्णने आपण वाचली असतील. त्या काळी ठाण्यातील एका गरीब फुलमाळी कुटुंबात नारायण नावाचा एक लहान मुलगा वाढत होता. त्याचा जन्म १८४८ सालचा. वाफेच्या ज्या शक्तीने ती गाडी ओढली, तीच शक्ती पुढे मुंबईच्या गिरण्या चालविणार होती. आणि त्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसांचे गाऱ्हाणे पहिल्या प्रथम सरकारच्या दारी नेण्याचे कार्य या मुलाच्या हातून घडणार होते. आज आपला पालघर जिल्हा वेगळा असला, तरी २०१४ पर्यंत जव्हार-मोखाड्याचा हा डोंगराळ मुलूख ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांना आपल्याच जिल्ह्याचे मानण्यास हरकत नाही.

घरची गरिबी असूनही नारायणरावांनी मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण घेतले. प्रथम रेल्वेत व नंतर टपाल खात्यात त्यांनी नोकरी केली. पुढे मुंबईच्या एका कापडगिरणीत त्यांना भांडारपालाची जागा मिळाली. भांडारपालाचे काम म्हणजे तेल, पट्टे, सुटे भाग व इतर सामान यांचा हिशेब ठेवणे. त्याचे हात यंत्रात जात नसत. परंतु ज्या खात्यांना तो सामान पुरवी, त्या खात्यांत काय चालते हे त्याच्या नजरेतून सुटत नसे. गिरणीतील जीवन बाहेरून पाहून लिहिणारे पुष्कळ होते. लोखंड्यांनी ते आतून पाहिले, आणि हाच त्यांच्या साऱ्या लिखाणातील व कार्यातील विशेष होय.

ते जीवन कसे होते? गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. म्हणून उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेरा-चौदा तास. आठवड्याची सुटी नाही. सणावारी जी मिळेल ती. दुपारी भाकरी खाण्यासही ठरलेली विश्रांती नाही. महिन्याचा पगार पुढील महिना बराच उलटून गेल्यावर हाती पडे, आणि तोवर वाण्याचे व सावकाराचे देणे वाढत जाई. हे सारे कष्ट मोठे खरेच. परंतु यांहूनही एक भयंकर गोष्ट होती. एका टोकास वाफेचे इंजिन असे. त्याच्या बळावर छताजवळ लांबच लांब लोखंडी दांडा फिरे, आणि त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्राकडे चामडी पट्टे उतरत. हे पट्टे व दाते बहुधा उघडेच असत. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा झोपेने पेंगुळलेल्या पोराचा हात त्यात सापडला, की दांडा थांबत नसे. कारण एका माणसासाठी साऱ्या खात्याचे इंजिन तत्काळ बंद करता येत नसे.

हात गमावलेल्या माणसाचे पुढे काय होई, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचा पगार त्या दिवशीच बंद होई. मालकाची मर्जी असल्यास चार रुपये हातावर ठेवले जात. नसल्यास तेही नाहीत. कोकणातून अगर घाटावरून आलेला तो माणूस पुन्हा गावी जाई, आणि तेथेही एका हाताने नांगर धरता येत नाही. कायद्याचा आधार म्हणाल, तर तो नावापुरता होता. १८५५ च्या एका कायद्याने अपघातात मेलेल्या माणसाच्या वारसांना दावा लावण्याची मुभा दिली होती. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाचा दोष शाबीत करावा लागे. जिवंत राहिलेल्या जखमी कामगारानेही दावा लावावयाचा तर वाट तीच. त्यातच इंग्लंडातील न्यायालयांचा त्या काळचा दंडक असा, की सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, आणि धोक्याचे काम जाणूनबुजून पत्करणाऱ्यास तक्रारीस जागा नाही. ज्यास अंगठा उठविण्यापलीकडे लिहिता येत नाही, त्याने वकील कोठून आणावा आणि इंजिनाच्या मालकाचा दोष कोणत्या साक्षीदाराने सिद्ध करावा? साक्ष देणाऱ्याची नोकरी त्याच गिरणीत असे.

लोखंडे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र पैशाच्या अडचणीने बंद पडण्याच्या बेतास आले, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईस आणून चालविले. शेतकरी आणि कामकरी यांच्या दुःखास या पत्राने वाचा दिली. वर्तमानपत्र चालविणे म्हणजे तारेवरची कसरत असते. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे छापून लोखंड्यांनी पुढची छापण्याचे थांबविले, आणि त्यामुळे जोतीराव त्यांच्यावर रुष्ट झाले. लोखंड्यांचा स्वभाव जोतीरावांपेक्षा सावध होता, हे यावरून दिसते. अर्ज, सभा, सह्या, आयोगापुढील साक्ष हे त्यांचे मार्ग होते. तथापि सावध माणूस भित्रा असतोच असे नाही.

१८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा झाला होता. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले, धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालावे आणि अपघाताची वर्दी द्यावी असेही सांगितले. पण ज्याला अपघात झाला त्याला काय द्यावे, याविषयी त्या कायद्यात एक अक्षर नव्हते. वर्दी सरकारास, आणि जखम कामगारास, अशी ती वाटणी होती.

या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ साली एक आयोग नेमला. मालकांची बाजू मांडण्यास माणसे तयारच होती. लोखंड्यांनी ठरविले की कामगारांचे म्हणणे कामगारांच्याच तोंडून सरकारपुढे गेले पाहिजे. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. तीन दिवसांनी आणखी एक झाली. तेथे एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या व अंगठे केले. ज्यांना लिहिता येत नव्हते अशा इतक्या माणसांना, जॉबरची व मालकाची भीती मनात असताना, एका कागदावर अंगठा उठविण्यास प्रवृत्त करणे हे सोपे नव्हते. या सभांतूनच पुढे मिलहँड्स असोसिएशन ही संस्था नावारूपास आली.

त्या अर्जातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाचे नवल वाटते. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्यावा. आणि पाचवी मागणी अशी, की काम करीत असता ज्याला गंभीर इजा होईल, त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज करण्यात यावी. या शेवटच्या मागणीकडे बारकाईने पाहा. चूक कोणाची, मालकाची की कामगाराची, हा प्रश्न तीत मुळी विचारलेलाच नाही. काम मालकासाठी चालले होते, म्हणून कामात आलेल्या संकटाचा भारही त्या धंद्याने उचलावा, एवढाच तिचा आधार. याच १८८४ साली जर्मनीत पंतप्रधान बिस्मार्क यांच्या पुढाकाराने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा मंजूर झाला. युरोपातील मोठमोठे मुत्सद्दी ज्या विचारापाशी पोहोचत होते, त्याच विचारापाशी परळच्या मैदानातील निरक्षर माणसे आपल्या अनुभवाने येऊन ठेपली होती.

आयोगाने अहवाल दिला. परंतु त्यावर सरकारने काही केले नाही. मालकांच्या विरोधाबरोबरच लोखंड्यांना आणखी एका आक्षेपास तोंड द्यावे लागले. इंग्लंडातील लँकेशायरचे कापडवाले हिंदी गिरण्यांच्या भरभराटीने बेचैन झाले होते आणि तेच येथे कडक कायदे व्हावेत म्हणून खटपट करीत होते. त्यामुळे कामगारांसाठी कायदा मागणे म्हणजे विलायती व्यापाऱ्यांचे हित साधणे, असे येथील कित्येक देशाभिमानी लोक म्हणत. या आक्षेपात थोडे तथ्य होतेच. पण लँकेशायरचा हेतू वाईट म्हणून परळच्या कामगाराचा हात परत येत नाही, ही गोष्ट आक्षेप घेणारे विसरत होते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोडशर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची प्रचंड सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट केवढी धाडसाची होती! सभेने साप्ताहिक सुटी मागितली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. शाळेत आज आपण रविवारची जी वाट पाहतो, तिच्यामागे ही हकीकतही आहे. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांविषयी नेमलेल्या आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंड्यांना सहसभासद म्हणून घेण्यात आले. १८९१ च्या सुधारलेल्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती साऱ्या देशातील कारखान्यांना बंधनकारक झाली. अर्जातील दोन मागण्या पदरात पडल्या. पाचवी मात्र तशीच राहिली.

लोखंड्यांचे कार्य गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाच्या रूढीविरुद्ध मुंबईच्या नाभिकांनी जो निर्धार केला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला, त्यानंतर दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेगची साथ पसरली. ज्याला शक्य होते तो शहर सोडून गेला, लोखंडे राहिले. कामगारवस्तीतील रोग्यांसाठी त्यांनी रुग्णालय उभारले व त्यांची शुश्रूषा चालविली. त्यातच त्यांना प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती.

त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी इंग्लंडात कामगार भरपाईचा कायदा मंजूर झाला. हिंदुस्थानास मात्र आणखी सव्वीस वर्षे थांबावे लागले. मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी बसू लागल्यानंतर, १९२३ साली, येथे असा कायदा झाला व १ जुलै १९२४ पासून तो अंमलात आला. कामातून व काम चालू असता इजा झाली की मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मागता येऊ लागली. दाव्यासाठी दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र आयुक्त नेमण्यात आले. मृत कामगाराची रक्कम मालकाने वारसांच्या हाती परस्पर न देता आयुक्तांकडे भरावी, असेही ठरले. कारण दुःखात बुडालेल्या विधवेकडून थोडक्या पैशांत पावती लिहून घेणे अवघड नसते. कोणत्या इजेने कमाईची शक्ती किती घटते याचे कोष्टकच कायद्यास जोडले होते. उजवा हात कोपरापाशी तुटला तर शेकडा ७०, डावा तुटला तर ६०, एक डोळा गेल्यास ३०, अंगठ्यास २५, तर्जनीस १०. माणसाच्या अवयवांचे असे मोजमाप पाहून मन क्षणभर शहारते. परंतु मोजमाप नव्हते तेव्हा अंगठ्याची किंमत मालकाच्या मर्जीवर होती. लोखंड्यांनी मागितलेला पूर्ण पगार या कायद्याने दिला नाही. तात्पुरत्या इजेसाठी तो अर्ध्यावरच थांबला, आणि तोही पहिले दहा दिवस सोडून.

पुढे १९३६ च्या कायद्याने पगाराच्या तारखेची मागणी पुरी झाली. १९४८ साली कामगार राज्य विमा योजनेचा कायदा झाला आणि विमा उतरविलेल्या कामगारास औषधोपचार व अपंगत्वाचे वेतन यांची सोय झाली. हे सारे कायदे २०१९ व २०२० च्या संहितांत एकत्र करण्यात आले व त्या संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आल्या. जव्हार-मोखाड्याच्या बाजूस, साखरशेतासारख्या गावांतून, भाताची झोडणी आटोपली की कितीतरी माणसे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर अगर तारापूरच्या कारखान्यांत जातात. बहुधा त्यांना नेणारा मुकादम किंवा ठेकेदार असतो, आणि मालकाचे नावही त्यांना ठाऊक नसते. अशा मजुरास कामावर इजा झाली, तर ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ मालकास मोकळे होता येत नाही; भरपाई त्याच्याकडूनही मागता येते. मात्र अपघाताची खबर लेखी द्यावी लागते, दवाखान्याचे कागद जपून ठेवावे लागतात आणि ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो.

२००५ साली भारत सरकारने लोखंड्यांच्या स्मरणार्थ टपालतिकीट काढले. तरुणपणी त्यांनी टपाल खात्यात नोकरी केली होती. ज्या परळ भागात १८८४ ची सभा भरली, त्याच भागात राज्य शासनाची त्यांच्या नावाची एक संस्था आहे. कामगारांविषयीच्या कायद्यांचे शिक्षण तेथे दिले जाते.