प्लेगची लस देणारे हाफकिन आणि त्यांच्यावरची तोहमत

परळची हाफकिन संस्था आपल्याला नावाने माहीत आहे. पण ज्यांचं हे नाव, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी काय सोसलं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसातल्या ज्यू कुटुंबात झाला. १८९२ मध्ये पॅरिसला त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि पहिली सुई स्वतःलाच टोचली. पुढल्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, लोक शहर सोडून पळू लागले. हाफकिन मात्र त्याच शहरात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना छोटीशी जागा आणि मोजकी माणसं मिळाली. तिथे रात्रंदिवस खपून त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप चढला, अंग दुखलं, पण ते मागे हटले नाहीत.

लोकांना सुईची भीती वाटत होती. तेव्हा इस्माईली खोजांचे इमाम तिसरे आगा खान, अवघ्या विशीतले, पुढे आले. त्यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि कामासाठी आपला खुशरू लॉज बंगलाही दिला. ते पाहून हजारो खोजांनी लस घेतली.

मग १९०२ साल उजाडलं. पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळं खापर हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर फुटलं. सरकारने त्यांना कामावरून दूर केलं. खरं तर बाटली उघडताना तिथल्या मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना जाहीरपणे भांडावं लागलं.

हाफकिन परत आले, पण कलकत्त्यात. नव्या लसी माणसांवर तपासायची मुभा त्यांना राहिली नाही. ५५व्या वर्षी ते निवृत्त झाले. लग्न केलं नव्हतं, संसार नव्हता. १९३० मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव १९२५ मध्ये मिळालं. पण उमेदीची गेलेली वर्षं कोण परत देणार? कुणावर बोट दाखवण्याआधी खातरजमा करावी, एवढं तरी आपण यातून शिकूया.