चार्ल्स गुडइयर: विंटर टायरच्या प्रश्नामागचा माणूस

ऑक्टोबर संपत आला की यूकेमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींचे एकाच विषयावर मेसेज सुरू होतात: गाडीला विंटर टायर बसवायचे का? यंदा हा प्रश्न माझ्या कॉलेजच्या मित्राने विचारला. तो स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला असतो आणि आठवड्यातून दोनदा पहाटे डोंगराकडच्या रस्त्याने साइटवर जातो. त्याचं म्हणणं असं, की टायरची नक्षी अजून चांगली खोल आहे, मग नुसती थंडी पडली म्हणून चारही टायर का बदलायचे? टायर म्हणजे काय स्वेटर आहे का?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर टायरच्या नक्षीत कमी आणि टायरच्या रबरात जास्त आहे. रबर आणि थंडी हा विषय काढला की एका माणसाची गोष्ट सांगावीच लागते. त्याचं नाव आपण टायरवर वाचतो, त्यामुळे तो टायर बनवणारा कारखानदार असेल असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. प्रत्यक्षात चार्ल्स गुडइयरने आयुष्यात एकही मोटारगाडी पाहिली नाही. तो 1860 मध्ये गेला. त्याच्या नावाची टायर कंपनी अमेरिकेतल्या ॲक्रन गावात 1898 मध्ये सुरू झाली, आणि त्या कंपनीशी त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा काही संबंध नव्हता. नाव फक्त आदरापोटी घेतलं होतं.

गुडइयरचा जन्म 29 डिसेंबर 1800 रोजी अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला झाला. वडिलांचा बटणं आणि शेतीची अवजारं बनवायचा धंदा होता. चार्ल्सने फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान काढलं, उधारीवर माल दिला, आणि 1830 च्या आसपास धंदा बसला. त्या काळी कर्ज फेडता आलं नाही तर सरळ तुरुंगात टाकत. पुढच्या आयुष्यात तो इतक्या वेळा आत गेला, की त्याचं त्याला नवल वाटेनासं झालं असावं.

1834 मध्ये तो न्यूयॉर्कला एका रबर कंपनीच्या दुकानात शिरला. तिथे पाण्यात तरंगण्यासाठी कमरेला बांधायचा रबराचा पट्टा होता. त्यात हवा भरायची झडप त्याला बेकार वाटली, म्हणून तो घरी गेला, चांगली झडप बनवून परत आला. मॅनेजरने झडपेचं कौतुक केलं आणि खरी अडचण सांगितली. झडप कितीही सुधारली तरी उपयोग नव्हता, कारण रबरच टिकत नव्हतं. हिवाळ्यात विकलेले बूट उन्हाळ्यात वितळून, घाण वास मारत दुकानात परत येत होते.

हे जरा समजून घेऊ. ब्राझीलमधल्या झाडांच्या चिकापासून मिळणारं कच्चं रबर पाणी अडवतं, ताणलं तर परत येतं, म्हणून लोक त्यावर तुटून पडले होते. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून रेनकोटचं पेटंट घेतलं होतं. पण कच्च्या रबराचा स्वभाव असा, की उकाड्यात ते चिकट होतं आणि कडाक्याच्या थंडीत फळीसारखं कडक. आपल्या भाषेत सांगायचं तर डेमोला मस्त चाललं, प्रॉडक्शनमध्ये ऋतू बदलला आणि सगळं कोसळलं.

गुडइयरला रसायनशास्त्र येत नव्हतं. परत आल्यावर पुन्हा कर्जापायी तुरुंगात गेला, तर तिथेच कच्चं रबर आणि लाटणं मागवून प्रयोग सुरू केले. पद्धत एकच, हाताला लागेल ते रबरात मळून बघायचं. मॅग्नेशिया घातला, छान पांढरे बूट झाले, उन्हाळा आला आणि लगदा झाला. चुन्यात उकळलं, त्याचं कौतुक झालं, पण आंबट थेंब पडला की पृष्ठभाग पुन्हा चिकट. नायट्रिक ॲसिड वापरलं तेव्हा वरचा थर सुरेख सुधारला, आणि बंद खोलीत त्याच्या वाफेने स्वतः गुदमरून मरायची वेळ आली. मग 1837 ची आर्थिक मंदी आली आणि पैसे लावणारा भागीदारही बुडाला.

मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नला त्याची गाठ नॅथॅनिएल हेवर्डशी पडली. हेवर्ड रबरात गंधक मिसळून ते उन्हात वाळवायचा. गुडइयरने त्याच्याकडून ते हक्क घेतले. सरकारकडून टपालाच्या 150 बॅगांची ऑर्डर मिळाली तेव्हा आता दिवस पालटले असं सगळ्यांना वाटलं. बॅगा दिसायला देखण्या झाल्या आणि उन्हाळ्यात मऊ पडून खराब झाल्या. गंधकाचा परिणाम फक्त वरच्या थरावर होता, आत कच्चंच रबर होतं.

1839 च्या हिवाळ्यात गंधक मिसळलेला रबराचा एक तुकडा गरम चुलीला लागला. वितळायला हवा होता, पण तो चामड्यासारखा करपला. गुडइयरचं लक्ष करपलेल्या भागाकडे नव्हतं. जळालेल्या आणि कच्च्या भागाच्या मधल्या कडेला एक पट्टी धड करपलेली नव्हती, धड चिकटही नव्हती. लोक याला योगायोग म्हणतात, त्याला ते आवडत नसे, आणि मला त्याची बाजू पटते. पाच वर्षं तेच शोधणाऱ्यालाच ती पट्टी दिसणार.

पुढची गोष्ट आपल्या विषयासाठी चुलीपेक्षाही महत्त्वाची. उष्णतेची परीक्षा झाली होती, थंडीची राहिली होती. असं सांगतात की त्याने तो तुकडा रात्री दाराबाहेर कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी पाहिलं तर तो आदल्या दिवसाइतकाच लवचीक होता. माझ्या मते विंटर टायरची पहिली टेस्ट हीच.

आत काय झालं होतं? रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब, गुंता झालेले दोरे. कच्च्या रबरात ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून उष्णतेत सगळा गोळा पसरतो. थंडीत तेच दोरे हळूहळू शिस्तीत रचले जाऊन घट्ट होतात. पुरेशी उष्णता मिळाली की गंधक या दोऱ्यांमध्ये ठिकठिकाणी टाके घालतं. मग दोरे ताणले जातात पण सुटत नाहीत, आणि टाक्यांमुळे रचून बसणंही अवघड होतं. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात.

किती गंधक, किती उष्णता, किती वेळ, हे बसवण्यात आणखी पाच वर्षं गेली, आणि ती सगळ्यात वाईट होती. बायको क्लॅरिसाच्या भाकरीच्या भट्टीत, ओळखीच्यांच्या कारखान्यात, मिळेल तिथे तो रबर भाजत होता. शेवटी दाबाखालच्या वाफेत साधारण 130 अंश सेल्सिअसला चार ते सहा तास हे गणित जमलं. तोवर घरातली भांडी गेली, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली गेली. एक मूल दोन वर्षांचं होऊन गेलं तेव्हा अंत्यविधीला पैसे नव्हते. चिकाटीच्या गोष्टींमध्ये हा भाग एका ओळीत उरकतात. मला तसं करवत नाही. क्लॅरिसाला कोणी विचारलं होतं का, की तुझ्या चुलीवर हे चालेल का म्हणून? मेहुण्याने, विल्यम डी फॉरेस्टने, हजारो डॉलर दिले नसते तर ही गोष्ट इथेच संपली असती. अमेरिकन पेटंट 15 जून 1844 रोजी मिळालं.

ब्रिटनमध्ये मात्र त्याची गाडी चुकली. त्याच्या रबराचे नमुने 1842 च्या सुमारास इंग्लंडला पोचले होते. ते थॉमस हॅनकॉकच्या हाती पडले. हॅनकॉक मॅकिंटॉशचा भागीदार आणि रबरात मुरलेला माणूस. तुकड्यावरच्या पिवळसर भुकटीतून त्याने गंधक ओळखलं, कृती स्वतः शोधून काढली आणि नोव्हेंबर 1843 मध्ये पेटंटचा अर्ज केला. गुडइयरचा अर्ज काही आठवडे उशिरा पोचला. पुढे कोर्टातही हॅनकॉकचं पेटंट टिकलं. म्हणजे इंग्लंडमध्ये ज्या शोधावर रेनकोटपासून टायरपर्यंत सगळं उभं राहिलं, त्याची रॉयल्टी शोधणाऱ्याला मिळाली नाही. व्हल्कनायझेशन हे नावसुद्धा हॅनकॉकच्या मित्राने, विल्यम ब्रॉकडनने, रोमन अग्निदेवतेवरून सुचवलेलं आहे.

तरीही 1851 च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात गुडइयरने सुमारे 30,000 डॉलर खर्चून रबराचं दालन उभारलं. फर्निचरपासून दागिन्यांपर्यंत सगळं रबराचं. पदक मिळालं, पैसे नाहीत. मायदेशी 1852 मध्ये मोठा खटला तो जिंकला, त्याच्या वकिलाला, डॅनियल वेबस्टरला, 15,000 डॉलर मिळाले. क्लॅरिसा 1853 मध्ये गेली. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पुन्हा तोच थाट, मग फ्रेंच पेटंट रद्द, आणि पुन्हा कर्जाचा तुरुंग. फ्रान्सच्या सम्राटाने दिलेला मानाचा क्रॉस त्याच्यापर्यंत तुरुंगातच पोचला. 1 जुलै 1860 ला न्यूयॉर्कमध्ये तो मरण पावला तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं.

आता मित्राचा टायर. गुडइयरने कच्च्या रबराची थंडी जिंकली, पण तिथे काम संपलं नाही. प्रत्येक रबराला असं एक तापमान असतं, ज्याखाली ते काचेसारखं होतं. नैसर्गिक रबराचं ते उणे 70 अंशांच्या आसपास आहे. उन्हाळी टायरमध्ये ओल्या, गरम रस्त्यावर पकड मिळावी म्हणून मुद्दाम असं मिश्रण करतात, की हे तापमान बरंच वर सरकतं. असा टायर शून्याला काच होत नाही, पण हळूहळू ताठर होत जातो आणि डांबराच्या बारीक खाचांमध्ये शिरेनासा होतो. विंटर टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिकाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तो थंडीतही मऊ राहतो. शिवाय त्याच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात, आणि खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो, जो रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. बदल्यात जुलैमध्ये हाच टायर लिबलिबीत होतो, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि रबर भराभर झिजतं. एक ऋतू सांभाळला की दुसरा बिघडतो, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुकानातली तक्रार आजही शिल्लक आहे, फक्त पुष्कळ सौम्य झाली आहे.

टायरवाले 7 अंश सेल्सिअसचा आकडा सांगतात. त्याखाली टायर अचानक फेल होतो असं नाही, तो ढोबळ अंदाज आहे. लंडनमध्ये जानेवारीत दुपारी पारा साधारण तिथेच असतो, रस्ते बहुतेक ओले असतात आणि बर्फ थोडे दिवस. तिथे शनिवार-रविवारी गाडी काढणाऱ्याने विंटर टायरवर पैसे घालू नयेत असं माझं मत. डोंगर पडशा वाटेवर असेल किंवा रोज पहाटे निघावं लागत असेल, तर ऑल-सीझन टायर बरे, पण त्यावर तीन शिखरं आणि हिमकणाची खूण बघून घ्या. नुसतं एम अधिक एस लिहिलेलं असणं पुरेसं नाही. ब्रिटनमध्ये जर्मनीसारखी सक्ती नाही. नक्षी किमान 1.6 मिलिमीटर हवी एवढाच कायदा, पण हिवाळ्यात 3 च्या खाली जाऊ देऊ नका. बसवायचे तर चारही बसवा. फक्त पुढचे दोन बदलले तर मागची बाजू वळणावर घसरते. फोर-व्हील ड्राइव्हवरही विसंबू नका. ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही.

मित्राचा रस्ता ब्रेमारच्या दिशेने जातो. तिथे 1895 आणि 1982 मध्ये उणे 27.2 अंशांची नोंद आहे, आणि यूकेत याहून कमी तापमान कधी नोंदलं गेलेलं नाही. त्याला मी विंटरच घे म्हणालो. त्याने इन्शुरन्सवाल्यांना फोन करून कळवलं आणि गेल्या आठवड्यात चारही बदलले. काढलेले टायर जिन्याखाली आडवे रचून ठेवलेत. एप्रिलमध्ये परत चढवायचे आहेत.