गणितात उडालो तेव्हाचे राजवाडे

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण लिहून पाठवा, असा निरोप आला. माझी आठवण शाळा सुटल्यानंतरची आहे आणि आजवर तुमच्यापैकी कोणालाच सांगितलेली नाही. १९७४ च्या मॅट्रिकला मी गणितात उडालो. तुमची कॉलेजच्या फॉर्मसाठी धावपळ चालली होती, तेव्हा तुम्ही भेटू नये म्हणून मी शिरपूरच्या बाजारपेठेतून जाणंच सोडलं होतं. दुपारी बसायला एकच जागा उरली, गावातलं वाचनालय. तिथे निकाल कोणी विचारत नसे.

तिथेच एकदा ‘राजवाडे लेखसंग्रह’ हाती आला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे तोवर माझ्या लेखी गाळलेल्या जागा भरायचं एक नाव. त्यात त्यांचा स्वतःच्या शाळा-कॉलेजच्या अनुभवांवरचा लेख निघाला. शाळांवर इतकं सडकून लिहिलेलं मी तोपर्यंत वाचलं नव्हतं. (आपल्या गुरुजनांनी क्षमा करावी, तेव्हा फार बरं वाटलं!)

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा, कोकणातल्या वरसईचा. वडील लहानपणीच गेले. पुण्यात डेक्कन कॉलेजात गेले, पण वर्गात मन रमेना. नेमलेली पुस्तकं सोडून ग्रंथालयातली बाकीची पुस्तकं वाचायची, व्यायाम करायचा, पोहायचं, असा त्यांचा क्रम. साहजिकच परीक्षा लांबल्या. बी.ए. व्हायला सत्ताविशी उजाडली. हे वाक्य मी दोनदा वाचलं. मी तर सोळाच वर्षांचा होतो.

पुढे काही काळ शिक्षकी केली. तरुणपणीच पत्नी गेली, पुन्हा लग्न केलं नाही. ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं, प्लेटोचं ‘रिपब्लिक’ मराठीत आणलं. मग वाईला पानिपतच्या काळातले जुने कागद हाती लागले आणि माणूस त्यातच बुडाला. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. असे बावीस खंड झाले. त्यासाठी गावोगाव हिंडायचं, हाताने रांधून खायचं, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या अडगळीत वाळवीच्या तोंडी पडलेली मोडी दप्तरं मिनतवारी करून मिळवायची. बीडकडे ज्ञानेश्वरीची जुनी पोथी सापडली, ती १९०९ मध्ये छापली. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहिलं ते मराठीतच.

माणूस मात्र तापट. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढे होते, पण पुढे तिथल्या मंडळींशीही बिनसलं. पुस्तकांशी ज्याचं जमतं त्याचं माणसांशी जमतंच असं नाही. मी त्या दिवसांत वाचनालयात बसून तेच करत होतो, हे तेव्हा उमगलं नव्हतं. घरी कोणाशी धड बोलत नव्हतो. आई ताट वाढून ठेवायची आणि मी पुस्तक घेऊन मागच्या दारी जेवायचो. राजवाड्यांना निदान कागदांसाठी तरी लोकांच्या ओसरीवर जावं लागे, बोलावं लागे. मी तेवढंही करत नव्हतो.

पुणं सुटल्यावर ते आपल्या धुळ्याला आले आणि तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. कागदांना वारस मिळाले. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. हे वाचलं आणि मी चमकलो. इतका मोठा माणूस आणि एस.टी.ने तासा-दीड तासावर!

ऑक्टोबरला गणिताचा पेपर धुळ्यालाच होता. पेपर सुटल्यावर परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून विचारत विचारत मंडळात गेलो. तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी, कोण, कुठला, एवढंच विचारलं आणि कपड्यात बांधलेले कागदांचे रुमाल दाखवले. मोडीचं एक अक्षर मला लागलं नाही. तरी बराच वेळ उभा होतो. गाडी चुकली, पुढच्या गाडीने निघालो. सावळद्याचा तापीचा पूल ओलांडेपर्यंत अंधार झाला होता.

घरी वडील ओट्यावर वाट बघत बसले होते. पेपर कसा गेला ते त्यांनी विचारायच्या आधीच मी रुमालांचं सांगायला लागलो. कितीतरी महिन्यांनी त्यांच्याशी इतकं बोललो असेन. ते ऐकत राहिले, आईने ताटं आत न वाढता तिथेच आणली.

गणितात मला ३८ मिळाले.