रेव्हरंड टिळकांच्या लक्ष्मीबाई

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळात दुपारच्या वेळी एक पुस्तक वाचावयाचे ठरले, तेव्हा मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुचविली. एका भगिनीला वाटले, या लोकमान्यांच्या पत्नी. दुसऱ्या वडीलधाऱ्या काकी जरा नाराज झाल्या. ख्रिस्ती झालेल्या बाईचे पुस्तक श्रावणात कशाला, असे त्यांचे म्हणणे. पण पहिली वीस पाने झाल्यावर त्याच काकी, आज वाचन नाही का म्हणून विचारू लागल्या. तेव्हा या स्मरणिकेत त्या बाईंचे चरित्र थोडक्यात द्यावे असे मनात आले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. त्यांच्या आईचे वडील सत्तावनच्या बंडाच्या प्रकरणात फाशी गेले, आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही. आई आणि मुले यांनी त्यापायी काय सोसले असेल ते सांगावयास नको. पण लक्ष्मीबाई हे सारे सांगतात ते हसत हसत. वाचताना आम्ही सगळ्याजणी हसलो, आणि हसून झाल्यावर त्या आईची आठवण होऊन गप्प बसलो.

अकराव्या वर्षी, १८८० साली त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. हे टिळक आपल्याच बाजूचे, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा त्यांचा जन्म. (त्या काळी आपला मालवणचा मुलूखही रत्नागिरी जिल्ह्यातच होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली.) टिळक मोठे बुद्धिमान, संस्कृत उत्तम, कविता तर अंगातच. मारलेल्या पक्षिणीवरची आणि फुलांवरची त्यांची कविता आपण शाळेत म्हटली आहे. पण संसाराला माणूस अवघड! एका जागी पाय ठरावयाचा नाही. हातात आलेला पैसा घरी पोचेपर्यंत कुणा गरजूला देऊन मोकळे. राग आला की भडका, आणि घटकेत सारे विसरून पुन्हा लोण्यासारखे मऊ. घरात तांदूळ आहेत की नाहीत याची काळजी लक्ष्मीबाईंनी करावयाची. त्यातच लहानगी मुले एकामागून एक गेली. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा हाती लागला.

लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाईंना अक्षरओळख नव्हती. टिळकांनी हौसेने शिकवावयास घेतले, पण शिकविणाऱ्याला धीर नाही आणि शिकणारीला घरकामातून सवड नाही. वाचता येऊ लागले, लिहिताना मात्र जोडाक्षरांशी त्यांचे जन्मभर जमले नाही. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे हे वाचून मला किती हायसे वाटले म्हणून सांगू!

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असताना डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. दोघांचे बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. उतरताना त्याने टिळकांना बायबलातील नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगून गेला. टिळकांनी ते पुस्तक वाचले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई त्या वेळी माहेरच्या माणसांत होत्या. वय सत्तावीसच्या आत, कडेला तीन-चार वर्षांचा मुलगा. नवरा जिवंत आहे, कुंकू लावावयाचे आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. अशा बाईला समाजात जागा कोणती? लोक येऊन बोलत. कुणाला तिची कीव, कुणाला चवीने ऐकावयाची हौस. टिळकांची बुद्धी आणि त्यांचा प्रामाणिकपणा मी मानते, तरी त्या वेळी बायकोच्या जिवाचा विचार त्यांनी पुरता केला नाही असे मला वाटते, आणि ते लिहावयास मला संकोच नाही. लक्ष्मीबाई स्वतः मात्र त्यांना दोष देत नाहीत. त्या रडल्या, आजारी पडल्या, आणि त्याच दिवसांत ओळीला ओळ जुळवू लागल्या. ज्या बाईला धड लिहिता येत नव्हते तिची कविता या दुःखातून निघाली.

सुमारे साडेचार वर्षे नवराबायको वेगळी राहिली. बहिणीच्या बिऱ्हाडाबरोबर लक्ष्मीबाई पंढरपुरासही राहिल्या. पत्रे येत, जात. भेटीही होत. शेवटी माहेरच्यांचा निरोप घेऊन मुलासह त्या नगरला टिळकांकडे गेल्या, पण धर्म सोडून नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळे, देवपूजा चालू. आणि टिळकांचे येथे कौतुक केले पाहिजे. त्यांनी बळजबरी केली नाही. एका घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको, असा तो संसार काही दिवस चालला. आमच्या वाचनात याच भागावर सर्वांत जास्त चर्चा झाली. नवऱ्याच्या मागे जावयाचे म्हणून त्या गेल्या, की स्वतःला पटले म्हणून?

पुस्तकात याचे उत्तर आहे. राहुरीस असताना त्या एकदा विचार करीत बसल्या. ब्राह्मण, महार, मुसलमान हे भेद देवाने केले की माणसाने? देवाने केले असते तर जनावरांसारखी शरीरे वेगळी दिसली असती. माणसाचे तर सारे सारखेच. मग हे माणसाचेच करणे. लहानपणी वडिलांचे सोवळे पाहिलेली ही मुलगी, आणि तिने हा उलगडा कुणाच्या उपदेशावाचून केला. दुसऱ्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खाईन असे त्यांनी सांगून टाकले. आधी जातिभेद गेला, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम लक्षात घेतला म्हणजे काकींची शंका फिटते.

पुढे त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच झाली. नगरला प्लेग आला तेव्हा आजारी मुलांची शुश्रूषा त्यांनी केली. तारा नावाची मुलगी पोटच्या लेकीप्रमाणे वाढविली. कवी बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहात, घरातल्या मुलासारखे रुसत आणि जेवत. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली ते गेले, आणि पुढच्याच वर्षी ९ मे १९१९ रोजी टिळकही मुंबईस वारले.

त्यानंतर लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेख केली. दत्तूच्या, म्हणजे देवदत्तांच्या संसाराबरोबर कराचीला गेल्या. ते शहर आता पाकिस्तानात आहे. पुन्हा नाशकास आल्या. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात असे ठरले. आई लिहीत गेली, आणि टिळकांच्या चरित्राऐवजी तिचेच पुस्तक तयार झाले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघू लागले. ती भाषा आपल्या ओसरीवरची आहे. एकही शब्द कोशात पाहावा लागत नाही. १९५० साली त्याचे इंग्रजी झाले, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी पुन्हा नव्याने केले.

धर्माचे पुस्तक म्हटले की उपदेश असणार असे आपण धरून चालतो. यात उपदेश जवळजवळ नाही. स्वतःची फजिती, नवऱ्याचा विसरभोळेपणा, पाहुण्यांची गर्दी, हेच जास्त. मुलांसमोर मोठ्याने वाचता येईल असे हे पुस्तक आहे, आणि पुरुषमंडळीही ओटीवरून कान देतात हा आमचा अनुभव.

त्यांचे आणखी एक काम फारसे कुणाला ठाऊक नसते. टिळकांनी येशूचे चरित्र ओव्यांत लिहावयास घेतले होते, ‘ख्रिस्तायन’ नावाचे. थोडेसेच अध्याय झाले आणि ते गेले. आपल्या शेजारच्या गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्रीने १६१६ साली असेच ‘ख्रिस्तपुराण’ छापले होते, मराठी ओव्यांत पण रोमन लिपीत. ते काम पंडिताचे. येथे जोडाक्षरांना भिणाऱ्या बाईने नवऱ्याचे राहिलेले पुस्तक पुढे घेतले आणि साठांवर अध्याय स्वतः रचून ते पुरे केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले ते त्यानंतर, १९३८ साली.

मंडळाच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ची एकच प्रत आहे. ती सध्या काकींकडे आहे. त्यांचे वाचून झाले की पुढचा नंबर ज्यांना हवा त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.